कळसूबाई ते किलिमांजारो



दिवाळीनंतर घोटीच्या बाजारपेठेत गेलात, तर तुम्हाला जिकडेतिकडे भात दिसेल. भाताच्या गोण्या भरलेल्या गाड्या, तांदळाच्या गिरण्या, हवेत उडणारा कोंडा. आता घोटीहून पूर्वेला सिन्नरची वाट धरा. सुमारे पन्नास किलोमीटर गेलात की भात संपलेला असतो आणि बाजरीची शेते सुरू होतात. जिल्हा तोच, पावसाळा तोच, अरबी समुद्रावरून येणारे वारेही तेच. असे असून इगतपुरी-घोटीच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर सिन्नरकडे सहाशे मिलिमीटर पडला तरी शेतकरी समाधान मानतो. असे का व्हावे?

हा झाला पहिला प्रश्न. दुसरा प्रश्नही घोटीजवळचाच आहे. घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बारी हे गाव लागते. तेथून महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर, कळसूबाई, चढता येते. त्याची उंची १,६४६ मीटर. शाळेतील मुले तीन-चार तासांत लोखंडी शिड्या चढून देवीच्या देवळापाशी पोचतात आणि संध्याकाळी घरी परततात. फार तर पाय दुखतात. आफ्रिकेतील सर्वांत उंच पर्वत किलिमांजारो हा ५,८९५ मीटर उंच आहे, म्हणजे कळसूबाईच्या सुमारे साडेतीन पट. मग कळसूबाई सकाळी चढून संध्याकाळी उतरणाऱ्याने किलिमांजारो दोन दिवसांत चढायला काय हरकत आहे? हरकत आहे, आणि ती जिवावर बेतणारी आहे. धडधाकट तरुणांनाही तेथे अर्ध्या वाटेवरून खाली आणावे लागते.

महाराष्ट्रातून अनेक गिर्यारोहक आता टांझानिया देशातील या पर्वतावर जातात. परवानाधारक वाटाड्याशिवाय तेथे कोणाला चढू देत नाहीत. शिखर झाले की बहुतेक मंडळी पायथ्याच्या गवताळ प्रदेशात हत्ती, सिंह आणि झेब्रे पाहायला जातात. यालाच 'सफारी' म्हणतात. हा स्वाहिली भाषेतील शब्द अरबीतून आलेला आहे. आपल्या 'सफर' या शब्दाचा तो सख्खा भाऊ. आधी शिखर, मग सफारी. वरवर पाहता या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. परंतु शिखरावर धाप का लागते आणि पायथ्याशी गवताळ मैदान का पसरते, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच पदार्थाकडे आहे. तो पदार्थ म्हणजे हवा. ती उंचावर विरळ होते आणि वर चढताना थंड होते. या दोन गोष्टी आपण क्रमाने पाहू या.

हवेचे ओझे

समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीच्या स्तंभाइतका असतो, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले आहे. आपण उंच चढलो की डोक्यावरील हवेचा काही भाग पायाखाली जातो, डोक्यावरचे ओझे कमी होते आणि पारा उतरतो. किती उतरतो, हे वहीत करता येण्याजोगे गणित आहे.

समुद्रसपाटीला एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम असते, आणि एक घनमीटर पाऱ्याचे १३,६०० किलोग्रॅम. भागाकार केला तर पारा हवेच्या सुमारे ११,३०० पट जड ठरतो. याचा अर्थ असा, की १ मिलिमीटर पारा म्हणजे ११.३ मीटर हवा. तीन-चार मजली इमारतीच्या गच्चीवर चढलात, की पारा एक मिलिमीटर उतरतो.

आता याच आकड्याने थोडी गंमत करू. ७६० मिलिमीटर पारा म्हणजे ७६० गुणिले ११.३, अर्थात सुमारे ८,६०० मीटर हवा. तेव्हा वातावरणाची उंची ८,६०० मीटर झाली काय? तसे असते तर ८,८४९ मीटर उंचीच्या एव्हरेस्टचे टोक हवेच्या बाहेर, निर्वात पोकळीत गेले असते! चूक कोठे झाली? आपण हवा सर्वत्र सारख्याच घनतेची धरली. हवा दाबली जाते. भाताच्या पेंढ्यांची उडवी डोळ्यांसमोर आणा. तळाच्या पेंढ्या वरच्यांच्या वजनाने चेपलेल्या असतात, वरच्या फुगीर असतात. हवेचेही तसेच आहे. म्हणून वर जावे तसा पारा अधिकाधिक सावकाश उतरतो. साधारण साडेपाच किलोमीटर चढले की दाब निम्मा होतो, आणखी तेवढेच चढले की निम्म्याचा निम्मा.

पारा डोंगरावर नेऊन पाहण्याचा मान फ्रान्समधील फ्लोरँ पेरिए याचा आहे. सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ ब्लेझ पास्काल याचा तो मेहुणा. पास्कालच्या सांगण्यावरून १९ सप्टेंबर १६४८ रोजी तो पारा आणि काचेच्या नळ्या घेऊन प्युई-द-डोम नावाचा डोंगर चढला. निघताना त्याने तशीच एक नळी पायथ्याच्या गावातील मठाच्या बागेत उभी केली आणि दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवायला एका साधूला बसवले. सुमारे हजार मीटर चढल्यावर त्याच्या नळीतील पारा जवळजवळ ८५ मिलिमीटर उतरला होता. बागेतील पारा मात्र दिवसभर जागचा हलला नव्हता. त्यामुळे हा फरक हवामानातील बदलाने नव्हे, तर उंचीनेच पडला, हे सिद्ध झाले. प्रयोगात तुलनेसाठी एक साधन न हलवता ठेवावे लागते, याचे हे नमुनेदार उदाहरण आहे. शिक्षकांनी ते मुलांना अवश्य सांगावे.

घोटी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. घोटी आणि कळसूबाई यांच्या उंचीतही फरक हजार मीटरच्या थोडा वर आहे. प्रमाणित वातावरणाच्या सूत्राने घोटीचा दाब ७०७ मिलिमीटर आणि कळसूबाईचा ६२३ मिलिमीटर येतो. फरक ८४ मिलिमीटर. म्हणजे पेरिएचा प्रयोग जशाच्या तसा तुम्हाला घोटी आणि कळसूबाईवर करता येईल. आता पाऱ्याची नळी वाहून नेण्याची गरज नाही. काही मोबाईल फोनमध्ये दाबमापक बसवलेला असतो. एक फोन शाळेत ठेवा आणि एक डोंगरावर न्या. पारा विषारी असल्यामुळे हेच बरे.

प्राणवायू कमी होतो म्हणजे काय होते?

'उंचावरील हवेत प्राणवायूचे प्रमाण कमी असते', असे वाक्य पुष्कळदा वाचायला मिळते. ते बरोबर नाही. घोटीच्या हवेत प्राणवायू २१ टक्के असतो, कळसूबाईवर २१ टक्के असतो आणि एव्हरेस्टवरही २१ टक्केच असतो. प्रमाण बदलत नाही. हवाच विरळ असल्यामुळे एका श्वासात येणारे प्राणवायूचे एकंदर रेणू कमी होतात. फुप्फुसातून रक्तात शिरण्यासाठी प्राणवायूला जो 'रेटा' लागतो, तो म्हणजे त्याचा आंशिक दाब. टक्केवारी तीच राहिली तरी हा रेटा घटतो.

हा रेटा काढताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. श्वासनलिकेत हवा ओली आणि ऊबदार होते. ३७ अंश सेल्सिअस तापमानाला पाण्याच्या वाफेचा दाब ४७ मिलिमीटर असतो, मग तुम्ही कितीही उंचीवर असा. म्हणून एकूण दाबातून आधी ४७ वजा करावेत आणि उरलेल्याचे २१ टक्के काढावेत. उत्तरे अशी येतात :

समुद्रकिनारा : दाब ७६० मि.मी.; प्राणवायूचा आंशिक दाब १५० मि.मी.
घोटी (६०० मीटर) : दाब ७०७, प्राणवायू १३९.
कळसूबाई (१,६४६ मीटर) : दाब ६२३, प्राणवायू १२१.
किलिमांजारो (५,८९५ मीटर) : दाब सुमारे ३६०, प्राणवायू ६६.
एव्हरेस्ट (८,८४९ मीटर) : दाब २५३, प्राणवायू ४३.

यांपैकी एव्हरेस्टचा दाब सूत्राने काढलेला नाही. १९८१ साली एका अमेरिकी वैद्यकीय मोहिमेने तो शिखरावर प्रत्यक्ष मोजला आहे. सूत्राने तो २३६ येतो. विषुववृत्ताच्या जवळपासच्या प्रदेशांत वातावरणाचा थर अधिक जाड असल्याने तो प्रत्यक्षात थोडा जास्त भरला.

आता कळसूबाई आणि किलिमांजारो यांच्या ओळी पुन्हा वाचा. कळसूबाईवर प्राणवायूचा रेटा समुद्रकिनाऱ्याच्या चार-पंचमांश असतो. एवढी तूट शरीर सहज भरून काढते. किलिमांजारोवर तो निम्म्याहूनही कमी आहे. सकाळी चढून संध्याकाळी उतरण्याचा हिशेब तेथे का चालत नाही, हे या दोन आकड्यांवरून कळते.

दोन मोहिमा

१५ एप्रिल १८७५ रोजी फ्रान्समध्ये 'झेनिथ' नावाच्या फुग्यातून तिघे जण आकाशात गेले : तिसांदिए, क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल. त्यांनी प्राणवायूच्या पिशव्या सोबत नेल्या होत्या. फुगा अवघ्या दोन-तीन तासांत आठ हजार मीटरच्या वर गेला. पुढे जे झाले ते तिसांदिएने नंतर लिहून ठेवले. त्याला वेदना झाल्या नाहीत, भीतीही वाटली नाही. उलट एक प्रकारची गुंगी आणि समाधान वाटू लागले. प्राणवायूची नळी हाताशी होती, पण ती तोंडाला लावण्यासाठी हात उचलेना. तिघेही बेशुद्ध पडले. फुगा खाली आला तेव्हा एकटा तिसांदिए जिवंत होता.

आता दुसरी मोहीम पाहा. ८ मे १९७८ रोजी राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर हे दोघे कृत्रिम प्राणवायू न घेता एव्हरेस्टच्या शिखरावर पोचले. फुग्यातील माणसांपेक्षाही ते अधिक उंचीवर होते, शिवाय स्वतःच्या पायांनी चालत होते. तरी ते जिवंत परत आले.

फरक कशात होता? वेळेत. फुगा काही तासांत वर गेला. गिर्यारोहकांनी अनेक आठवडे डोंगरावर काढले होते. तेवढ्या काळात शरीर स्वतःत बदल घडवून आणते. प्रथम श्वासोच्छ्वास जलद आणि खोल होतो, हृदय भराभर धडधडते. जलद श्वासाने कार्बन डाय-ऑक्साइड जास्त बाहेर पडतो, त्यामुळे रक्त किंचित अल्कधर्मी होते आणि श्वासाला एक प्रकारचा ब्रेक लागतो. दोन-चार दिवसांत मूत्रपिंडे जादा अल्क बाहेर टाकतात आणि तो ब्रेक सैल होतो. पुढे काही आठवड्यांत तांबड्या रक्तपेशींची संख्या वाढते. या सर्व बदलांना मिळून 'विरळ हवेशी जुळवून घेणे' म्हणतात. ते घाईने होत नाही. कसरत करणारा पहिलवान असो की धावण्याच्या शर्यतीत पहिला येणारा विद्यार्थी असो, मूत्रपिंडांना लागायचे तितके दिवस लागतातच. किंबहुना दमसास चांगला असलेला माणूस वेगाने वर जातो आणि लवकर अडचणीत येतो.

म्हणूनच किलिमांजारोवरील वाटाडे सारखे 'पोले पोले' म्हणत असतात. स्वाहिलीत त्याचा अर्थ 'हळूहळू'. गिर्यारोहणाच्या वैद्यकातील नियम असा आहे, की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. दिवसा याहून वर जाऊन यायला हरकत नाही, झोपायला मात्र खाली यावे.

हा नियम केवळ आफ्रिकेला जाणाऱ्यांसाठी नाही. आपल्याकडील कितीतरी कुटुंबे विमानाने थेट लेहला उतरतात. त्याची उंची सुमारे ३,५०० मीटर आहे. केदारनाथचे देऊळ साधारण ३,६०० मीटरवर आहे, आणि घरातील वडीलधारी माणसे तेथे जातात. लेहला उतरल्यावर पहिले एक-दोन दिवस स्वस्थ पडून राहायला सांगतात, ते मूत्रपिंडांना वेळ मिळावा म्हणून. पुढील खुणा तुम्ही पाठ कराव्यात. डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे, जेवण नकोसे होणे : या पहिल्या खुणा दिसल्या, की त्या दिवशी आणखी वर जायचे नाही. सरळ रेषेत चालता न येणे, बोलणे असंबद्ध होणे, बसल्या जागी धाप लागणे, छातीत घरघर होणे : या धोक्याच्या खुणा आहेत. मेंदूला सूज येऊ लागली आहे किंवा फुप्फुसात पाणी साठते आहे, असा त्यांचा अर्थ. अशा वेळी रात्र असो की पाऊस असो, माणसाला ताबडतोब खाली न्यावे आणि डॉक्टरांना दाखवावे. डोकेदुखीची गोळी घेऊन वर चढत राहणे घातक आहे. तिसांदिएला वाटलेले समाधान आठवा : आपल्याला काय होत आहे, हे ज्याला होते त्याला कळत नाही. ते सोबत्याने ओळखायचे असते.

जाता जाता स्वयंपाकाकडेही पाहू. दाब कमी झाला की पाण्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. पाणी घोटीला ९८ अंशांना, कळसूबाईवर साडेचौऱ्याण्णव अंशांना आणि किलिमांजारोवर सुमारे ८० अंशांना उकळते. वर पाणी खळखळ उकळत असले तरी घोटीचा उत्तम तांदूळसुद्धा त्यात लवकर शिजणार नाही. तेथे प्रेशर कुकर हवा. आतील दाब वाढवून तो आपल्यासाठी जणू डोंगराची उंची कमी करतो.

चढणारी हवा थंड का होते?

आतापर्यंत माणूस डोंगर चढत होता. आता हवेला चढू द्या. वारा डोंगराला अडला की त्याला वर जावे लागते. वर दाब कमी असतो, त्यामुळे हवा फुगते. फुगताना तिला भोवतालची हवा दूर ढकलावी लागते, म्हणजे कार्य करावे लागते. बाहेरून उष्णता मिळत नसेल तर या कार्यासाठी लागणारी ऊर्जा ती स्वतःच्या साठ्यातून खर्च करते आणि थंड होते. सायकलच्या चाकाची हवा सोडताना व्हॉल्व्हपाशी बोट धरा, गार लागेल. पंप मारताना उलट घडते आणि पंपाचे टोक तापते.

कोरडी हवा दर किलोमीटर चढाईला जवळजवळ १० अंशांनी थंड होते. थंड होता होता वाफेचे पाणी होऊ लागले, की वाफेतील सुप्त उष्मा मोकळा होतो आणि थंड होण्याचा वेग मंदावतो. आपल्याकडील दमट हवेत तो ५ अंशांच्या आसपास येतो. वातावरणाची एकंदर सरासरी धरली तर ती किलोमीटरला साडेसहा अंश भरते.

ही सरासरी किलिमांजारोला लावून पाहा. पायथ्याचे मैदान साधारण ९०० मीटर उंचीवर, तेथील सरासरी तापमान २५ अंश धरू. शिखर त्याच्यावर ५ किलोमीटर. पाच गुणिले साडेसहा म्हणजे साडेबत्तीस. पंचविसातून ते वजा केले तर शून्याखाली सुमारे साडेसात अंश उरतात. विषुववृत्तापासून अवघ्या तीन अंशांवर असलेल्या या पर्वताच्या माथ्यावर बर्फ का, याचे उत्तर मिळाले. त्यामुळेच तेथे पाच-सहा दिवसांच्या चालीत केळीच्या आणि कॉफीच्या बागा, मग शेवाळ्याने लगडलेले घनदाट जंगल, मग झुडुपे, मग खडकाळ ओसाड पट्टा आणि शेवटी हिमनदी, असे एकावर एक पट्टे पाहायला मिळतात. हे बर्फ मात्र झपाट्याने आटत आहे. १९१२ साली तेथे जेवढे बर्फाच्छादन होते, त्यातील सुमारे ८५ टक्के २००७ पर्यंत नाहीसे झाले.

डोंगराची कोरडी बाजू

आता घोटी आणि सिन्नरच्या प्रश्नाकडे वळू. समजा, समुद्रावरून २८ अंश तापमानाची दमट हवा सह्याद्रीकडे आली. पहिले ५०० मीटर ती कोरड्या हवेच्या दराने, म्हणजे सुमारे ५ अंशांनी थंड होऊन २३ अंशांवर आली. येथे ढग तयार होऊ लागले. पुढील १,००० मीटर ती ५ अंशांनीच थंड झाली : १८ अंश. या वाटेवर तिने आपले पाणी घाटमाथ्यावर सांडले. आता ती पलीकडे ६०० मीटर उंचीच्या पठारावर उतरते. उतरताना ती दाबली जाते आणि तापते. वाफ करायला ढगातील पाणी शिल्लक नसल्याने ती पूर्ण दराने, ९०० मीटरला सुमारे ९ अंशांनी, तापते : २७ अंश. चढताना याच ६०० मीटर उंचीवर ती साडेबावीस अंशांवर होती आणि पाण्याने पूर्ण भरलेली होती. आता तिची आपेक्षिक आर्द्रता शंभर टक्क्यांवरून सुमारे पासष्टवर आली. अशी हवा पाऊस देत नाही. उलट जमिनीतील ओल शोषून घेते. प्रत्यक्षात सगळे पाणी एकाच ठिकाणी सांडत नाही, म्हणून पूर्वेकडे पाऊस हळूहळू कमी होत जातो. पण मूळ कारण हेच. डोंगराच्या मागील या कोरड्या पट्ट्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. घोटी माथ्याला लागून आहे, म्हणून तेथे भात. सिन्नर छायेत आहे, म्हणून तेथे बाजरी.

आता सफारीवर चला. किलिमांजारोवर पाऊस देणारे वारे मुख्यतः आग्नेयेकडून, हिंदी महासागरावरून येतात. पर्वताच्या दक्षिण उतारावरील जंगलात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उत्तरेला, केनियाच्या हद्दीत, अंबोसेली हे राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे पाऊस अवघा ३५० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे अंबोसेली हे किलिमांजारोचे सिन्नरच! एवढ्या पावसावर दाट झाडी वाढत नाही. गवत वाढते आणि विखुरलेल्या बाभळी वाढतात. गवत आले की ते खाणारे कळप आले, आणि कळपांमागून त्यांना खाणारे सिंह आणि तरस आले. झाडी विरळ असल्याने हे सर्व प्राणी प्रवाशांना दुरूनही दिसतात.

परंतु हत्तीला दिवसाला शंभर लिटरहून अधिक पाणी लागू शकते. साडेतीनशे मिलिमीटर पावसाच्या ओसाड प्रदेशात हत्तींचे कळप जगतात कसे? उत्तर पुन्हा पर्वताकडेच आहे. किलिमांजारो हा ज्वालामुखी पर्वत आहे. त्याच्या जंगलात पडलेला पाऊस सच्छिद्र खडकात मुरतो आणि जमिनीखालून वाहत येऊन अंबोसेलीत दलदलींच्या रूपाने वर येतो. उन्हाळ्यातही या दलदली आटत नाहीत. त्यांत पोटापर्यंत बुडून हिरवे गवत खाणाऱ्या अंबोसेलीच्या हत्तींचा अभ्यास १९७२ सालापासून अखंड चालू आहे. या पाण्यात वितळणाऱ्या बर्फाचा वाटा अगदी थोडा असतो. मुख्य वाटा जंगलातील पावसाचा असतो. बर्फ आटते म्हणून आपण हळहळतो, पण उतारावरील जंगल तुटले तर हत्तींचे पाणी त्याहून आधी तुटेल.

पश्चिमेकडील सेरेंगेटीच्या मैदानाचीही हीच कथा. गोरोंगोरोची उंच भूमी पूर्वेकडून येणारे ओले वारे अडवते, आणि तिच्या पलीकडे लहान गवताचे विस्तीर्ण मैदान पसरते. ज्वालामुखींच्या राखेपासून तेथे जमिनीखाली कठीण थर बनला आहे. झाडांची मुळे तो भेदू शकत नाहीत. येथील सुमारे तेरा लाख विल्डबीस्ट (गायीसारख्या तोंडाची ही हरिणे आहेत) पावसामागोमाग शेकडो किलोमीटर फिरतात. कोरड्या मैदानावर थोडा पाऊस पडून कोवळे, क्षारयुक्त गवत उगवले, की फेब्रुवारीच्या सुमारास तेथे येऊन माद्या वितात. गवत संपले की कळप अधिक पावसाच्या प्रदेशाकडे सरकतात. आपल्याकडील मेंढपाळ पावसाळा आणि उन्हाळा पाहून मेंढरे फिरवतात, तोच हिशेब.

आपली शिखर-सफारी

हे सारे पाहायला आफ्रिकेला जाता आले तर उत्तमच. पण ते घडेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. कळसूबाई ज्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे, त्या एकाच जिल्ह्यात निसर्गाने दोन्ही बाजू मांडून ठेवल्या आहेत. पश्चिम टोकाला १९८६ साली घोषित झालेले कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे : धो धो पाऊस, डोंगरी जंगल आणि त्यात दडून राहणारा बिबट्या. त्याच जिल्ह्यात पार आग्नेयेला, कर्जत तालुक्यात, रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे : पर्जन्यछायेतील गवत, बाभळी आणि उघड्यावर चरणारे काळविटांचे कळप. काळवीट उघड्यावर का राहतो? कारण पळणे हेच त्याचे संरक्षण, आणि पळायला मोकळे रान लागते. बिबट्या झाडीत का? कारण दबा धरणे ही त्याची शिकार करण्याची रीत. हवा डोंगरावर चढली आणि पलीकडे उतरली, एवढ्या एका घटनेने कोणी कोठे राहावे हे पुष्कळसे ठरवून टाकले आहे.

म्हणून गवताळ रानाला 'पडीक जमीन' म्हणू नका. कमी पावसाचे ते पूर्ण वाढलेले रूप आहे. तेथे दाट झाडे लावण्याचा आग्रह धरला, तर काळविटाचे घर मोडते.

करून पाहा

१. कळसूबाईच्या माथ्यावर एक लिटरची रिकामी, पातळ प्लॅस्टिकची बाटली उघडा, थोडा वेळ थांबा आणि झाकण घट्ट लावा. घोटीला आल्यावर ती चेपलेली दिसेल. ती पाण्याखाली उलटी धरून तेथेच झाकण उघडा. बाटलीतील आणि भांड्यातील पाण्याची पातळी एका रेषेत आणून झाकण पुन्हा लावा, आणि आत किती पाणी शिरले ते मोजा. वर तापमान २० आणि खाली २७ अंश असेल, तर सुमारे १०० मिलिलिटर पाणी शिरायला हवे. (बॉइल आणि चार्ल्स यांचे नियम वापरून पडताळा पाहा.) बाटली डोंगरावर टाकून येऊ नका.

२. बारीच्या वाटेवरील एखाद्या चहाच्या टपरीवर परवानगी घेऊन, शिक्षकांच्या देखरेखीखाली, उकळत्या साध्या पाण्याचे तापमान मोजा. प्रयोगशाळेतील ११० अंशांपर्यंतचा तापमापक चालेल. त्यावरून त्या जागेची उंची काढा. स्थूलमानाने दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू एक अंश उतरतो.

३. घोटीच्या आणि सिन्नरच्या शाळांनी मिळून हा उपक्रम करावा. सरळ उभ्या बाजूंचा डबा उघड्यावर ठेवून जून ते सप्टेंबर रोज सकाळी आठ वाजता पाऊस मोजावा आणि महिनाअखेर एकमेकांना आकडे पत्राने कळवावेत. दोन्ही आलेख एका कागदावर काढले, की सह्याद्रीची छाया तुमच्या वहीत उमटेल.

सोडवून पाहा

१. लेह येथे हवेचा दाब सुमारे ४९३ मिलिमीटर असतो. श्वासातील प्राणवायूचा आंशिक दाब किती?

२. किलिमांजारोच्या एका वाटेवर मुक्कामाच्या जागा अनुक्रमे २,७००, ३,७०० आणि ४,७०० मीटरवर आहेत. ५०० मीटरचा नियम कोठे मोडतो? एक जादा दिवस मिळाला तर तो कोठे घालवाल?

उत्तरे : (१) सुमारे ९४ मिलिमीटर. (२) दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही मुक्कामांना. दुसऱ्या दिवशी आपण ३,००० मीटरची मर्यादा ओलांडून एकदम ३,७०० वर पोचतो, आणि तिसऱ्या दिवशी आणखी १,००० मीटर चढतो. जादा दिवस ३,७०० मीटरवर घालवावा. दिवसा थोडे वर जाऊन यावे आणि रात्री तेथेच झोपावे. एका दिवसाने नियम पूर्णपणे पाळला जात नाही, म्हणून जितके जास्त दिवस हाती असतील तितके चांगले.